एक पलंग की दोन

स्विंडनच्या त्या दुकानात हीटर घरघरत होता,
बाहेर फेब्रुवारी, अर्धा पाऊस अर्धा बर्फ,
आणि भिंतीवरच्या पोस्टरात भर उन्हातला एक जिराफ
आमच्याकडे वाकून बघत होता.

जिलियननं फॉर्म पुढे केला.
टांझानिया, जुलैतले नऊ दिवस,
छोट्या विमानात माणशी पंधरा किलो,
तेही मऊ पिशवीत, चाकांची बॅग चालणार नाही.
श्रीरंगनं लगेच खिशातून वही काढली.
बत्तीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळलेला माणूस,
सिंहालासुद्धा वेळ देऊन ठेवेल.
साडेपाच: चहा. सहा: प्राणी.

निळे कपडे नकोत, ती म्हणाली,
निळ्यावर त्सेत्से माशा येतात. काळेही नकोत.
मला याचं कपाट आठवलं:
निळा, निळा, काळा, लग्नातला राखाडी, निळा.

मग पेनाचं टोपण चावत तिनं सहज विचारलं,
"तंबूत एक पलंग की दोन?"

हीटर घरघरला.
जिराफानं मान हलवली नाही.

तिला कुठून सांगायला लागायचं?
चिन्मय लीड्सला गेला त्या सप्टेंबरात
माझ्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या, याचं घोरणं.
"थोडे दिवस त्याच्या खोलीत झोपतो," हा म्हणाला.
उशी नेली. मग घड्याळ. मग चष्म्याचं घर.
आजारपण हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात.
हे मुंगीच्या पावलांनी आलं,
साखरेचा एकेक दाणा उचलत,
आणि डब्याचं झाकण आम्ही सात वर्षं उघडलंच नाही.

भांडण नव्हतं हो,
असतं तर मिटवलं असतं.

"विचार करून कळवतो," श्रीरंग म्हणाला,
आणि वहीत लिहिलं: पलंग.
पुढे प्रश्नचिन्ह. मी तिरक्या डोळ्यानं वाचलं.

मग आम्ही बाकीचं सगळं ठरवत राहिलो.
पिवळ्या तापाच्या लशीआधी नर्सनं याचं वय दोनदा विचारलं.
विम्याच्या मुलीनं फोनवर विचारलं,
स्टेंट किती? दोन.
जिना चढताना धाप लागते का?
"खाली येताना लागत नाही," हा म्हणाला,
तिला हसावं की टाइप करावं कळेना.
जुन्या सामानाच्या दुकानात अठरा पौंडांना दुर्बीण मिळाली.
"एकच घेऊ," हा म्हणाला, "वजन वाचेल, आळीपाळीनं बघू."
मी काही बोलले नाही,
पण घरी येईपर्यंत ती माझ्याच मांडीवर होती.

एका रात्री जेवताना यानं माहितीपत्रक वाचून दाखवलं:
अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्यानं जायचं नाही,
शिट्टी वाजवायची, रखवालदार येतो.
पाणघोडे गवत खायला अगदी कापडाशी येतात.
"आणि मी घोरलो तर?"
"त्यांना वाटेल, भाऊबंद आलाय कुणी."
हा इतका हसला की आमटी सांडली.
मग आम्ही दोघांनी ती जरा जास्तच वेळ पुसली.

रात्री पाणी प्यायला उतरले,
वही ओट्यावर, काट्याशेजारी उघडी होती.
पलंग. प्रश्नचिन्ह खोडलेलं,
पुढे पेन्सिलीनं, बारीक:
दोन. तिची झोप सावध आहे.

वर त्याच्या दाराखालून उजेडाची फट,
आणि घोरण्याचा आवाज नाही.

मी ते खोडलं नाही.
पान उलटून सामानाची यादी काढली,
दुर्बीण सातशे दहा ग्रॅम,
टॉर्च, औषधं, टोप्या,
आणि सगळ्यात खाली माझ्या अक्षरात लिहिलं:
कानात घालायचे बोळे, एक जोडी. चार ग्रॅम.

सकाळी चहा उकळत असताना
हा काट्यावर वाकलेला, चष्मा कपाळावर,
बोळे मधोमध ठेवून श्वास रोखून बघत होता.
"पाच भरले," म्हणाला,
आणि चाराचे पाच केले.

मग फोन उचलून माझ्या हातात दिला.